राणीच्या बागेतले पेंग्विन, २० अक्षांश आणि जगाचा नकाशा

मामासाहेब (धागाकर्ता)

मंडळी, माझी भाची नववीत आहे. तिला आणि तिच्या धाकट्या भावाला घेऊन परवा राणीच्या बागेत गेलो होतो, पेंग्विनच्या काचेसमोर ही तोबा गर्दी, आत गारेगार आणि बाहेर आम्ही घामाने निथळतोय. ते हंबोल्ट पेंग्विन आहेत, पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. घरी आल्यावर बाईसाहेबांनी ऍटलास काढला आणि मला विचारलं, मामा, चिलीतलं अरिका साडेअठरा अंश दक्षिणेला आहे आणि मुंबई १९ अंश उत्तरेला, म्हणजे विषुववृत्तापासून दोघं सारखेच लांब, मग तिकडे या पेंग्विनना एसी कोण लावून देतं?

गंमत म्हणजे उत्तर तिला पाठ होतं. समुद्रातले प्रवाह, हंबोल्ट शीत, बेंग्वेला शीत, कॅनरी शीत, कुरोशिओ उष्ण, गल्फ स्ट्रीम उष्ण, सगळं घडाघडा म्हणते, पेपरात आराखड्यात भरते, सूची काढते, मार्क मिळवते. पण ती यादी आणि तो पेंग्विन यांचा एकमेकांशी काही संबंध आहे हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

मग आम्ही एक खेळ काढला. भिंतीवर जगाचा मोठा नकाशा लावला (प्राकृतिक, राजकीय नाही) आणि २० अंश दक्षिण या रेषेवर बोट ठेवून डावीकडून उजवीकडे निघालो. जिथे समुद्र संपून जमीन लागते तिथे थांबायचं आणि विचारायचं, इथे पाऊस किती. सुरुवात चिलीतल्या इकीकेपासून, वर्षाला एक-दोन मिमी, कित्येकदा तेवढाही नाही. अँडीज ओलांडला, बोलिव्हिया गेला, ब्राझीलच्या पलीकडच्या काठावर व्हितोरिया, तिथे हजार मिमीच्या वर. अटलांटिक पार केला की नामिबियाचा स्केलेटन कोस्ट, नावातच सांगाडा, वाळवंट थेट समुद्रात उतरलेलं. बोत्स्वाना, झिम्बाब्वे करत मोझांबिकच्या बैराला पोचलो, तिथे दीड हजाराच्या आसपास. मादागास्करचा पश्चिम किनारा सुका, पूर्व किनारा जंगलाचा. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला पोर्ट हेडलंड, तीनशे मिमीच्या आसपास, तोही वादळं आली तर, आणि पूर्वेला मॅकायकडे परत दीड हजार आणि उसाची शेती.

तीन खंड आणि एक बेट, सगळीकडे पश्चिम किनारा कोरडा आणि पूर्व किनारा ओला. भाचीने स्वतःच नियम काढला.

मग म्हटलं चल आता २० उत्तर. आफ्रिकेच्या पश्चिम काठावर मॉरिटानियातलं नुआधिबू, सहारा थेट अटलांटिकला भिडलेला, पाऊस नावापुरता. नियम बरोबर. बोट पुढे सरकलं, सहारा, तांबडा समुद्र, सौदी, ओमान, अरबी समुद्र, आणि मग आपला पश्चिम किनारा. ती म्हणाली, मामा, या हिशोबाने कोकण वाळवंट असायला पाहिजे ना?

मी तेव्हापासून त्याच वाक्यावर अडकलोय. तर जाणकारांनी भर घाला. अजून कुठल्या रेषेवर बोट फिरवावं, काय काय दिसेल, आणि माझ्या समजुतीत जे कच्चं आहे ते पक्कं करा.

आळशी_मांजर

पेंग्विनला एसी कोण लावून देतं =)) चहा सांडला कीबोर्डवर. वाचनखूण साठवली. पॉपकॉर्न घेऊन बसलेय.

खडूफळा

मामासाहेब, अनेक वर्षं भूगोल शिकवला, आता निवृत्त आहे, त्यामुळे थोडं लांबण लावतो, सहन करा.

तुमच्या २० दक्षिणच्या रेषेवर तीन गोष्टी एकावर एक बसल्यात. पहिली गोष्ट हवेची. विषुववृत्तावर तापून वर गेलेली हवा वीस ते तीस अंशांच्या पट्ट्यात खाली उतरते, उतरताना दाबली जाते आणि तापते, आणि तापणाऱ्या हवेत ढग टिकत नाहीत. जगातली बहुतेक मोठी वाळवंटं याच पट्ट्यात आहेत ती यामुळे. दुसरी गोष्ट वाऱ्याची. या पट्ट्यात व्यापारी वारे पूर्वेकडून वाहतात. म्हणजे पूर्व किनाऱ्याला वारा समुद्रावरून येतो, ओला, आणि पश्चिम किनाऱ्याला पोचेपर्यंत तो अख्खा खंड ओलांडून कोरडा झालेला असतो. निम्मं उत्तर तर इथेच मिळालं, अजून प्रवाहाचं नावही घेतलेलं नाही.

तिसरी गोष्ट समुद्राची, आणि इथे शाळेत थोडी गडबड होते. शीत प्रवाह म्हणजे ध्रुवाकडून आलेलं गार पाणी एवढंच मुलांच्या डोक्यात राहतं. ते खरं आहे पण अर्धं. पेरूच्या किनाऱ्याला समांतर वारा वाहतो दक्षिणेकडून उत्तरेकडे, पृथ्वीच्या फिरण्यामुळे दक्षिण गोलार्धात वरचं पाणी वाऱ्याच्या डावीकडे ढकललं जातं, म्हणजे किनाऱ्यापासून लांब. मग ती जागा भरायला खालून खोल पाणी वर येतं आणि ते गार असतं. पेंग्विनचा एसी म्हणजे हे खालून वर येणारं पाणी. गार पाण्यावरची हवा खाली गार, वर गरम, त्यामुळे ती वर उठतच नाही. लिमा शहरात हिवाळ्यात महिनोन्महिने आभाळ भरलेलं असतं, धुकं असतं, कपडे वाळत नाहीत, पण पाऊस म्हणून पडत नाही.

मी वर्गात काय करायचो, तर आराखडा नकाशा द्यायचो आणि प्रवाहांची नावं लिहायला बंदी. आधी फक्त वाऱ्याचे बाण काढा. मग त्या बाणांवरून पाणी कुठे ढकललं जाईल ते बाण काढा. मग जमीन आडवी आली की पाणी कुठे वळेल ते काढा. एवढं झालं की मुलांच्या हाताखाली उत्तर अटलांटिकमध्ये घड्याळाच्या दिशेने एक चक्र तयार व्हायचं, दक्षिणेत उलट. नावं सगळ्यात शेवटी, आणि ती मग विसरली जात नाहीत.

कोकणाबद्दल उद्या लिहितो, आता नातू कॉम्प्युटर मागतोय.

कीस_पाडे

धागा छान आहे पण नियम एवढा गुळगुळीत नाही हो. २० उत्तरवर मामासाहेबांनी मेक्सिको गाळलाय सोयीस्करपणे. तिथला पश्चिम किनारा, मान्झानिलो, पोर्तो व्हायार्ता, तिकडे उन्हाळ्यात व्यवस्थित पाऊस पडतो, हिरवागार आहे. आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला पेरूसारखा शीत प्रवाह दाखवा बरं मला. किनाऱ्याला लागून तर उष्ण प्रवाह आहे.

मामासाहेब

कीसभाऊ, तुम्ही येणार हे माहीतच होतं :) मेक्सिकोचं आम्ही पाहिलं. कॅलिफोर्निया प्रवाह बाहा कॅलिफोर्निया या द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकापाशी किनारा सोडून पश्चिमेला वळतो. म्हणून वाळवंट बाहात आहे, तेवीस ते तीस अंशांत, आणि त्याच्या खाली मेक्सिकोलगत समुद्र चांगला कोमट आहे, चक्रीवादळं जन्मतात तिथे. ऑस्ट्रेलियाचं मात्र कोणीतरी तिथलं सांगा.

पर्थची_पूर्वा

हजर! लीयुविन प्रवाह म्हणतात त्याला. इंडोनेशियाच्या बेटांमधून पॅसिफिकचं कोमट पाणी हिंदी महासागरात येतं आणि त्यातलं काही आमच्या किनाऱ्याला लागून दक्षिणेकडे उतरतं, म्हणजे जगातल्या बाकी खंडांच्या पश्चिमेला जे होतं त्याच्या बरोब्बर उलटं. त्याचा परिणाम म्हणजे आमच्याकडे २८-२९ दक्षिणला आब्रोल्होस बेटांवर प्रवाळ आहेत, त्याच अक्षांशावर चिलीत किंवा नामिबियाच्या दक्षिणेला प्रवाळ औषधालाही मिळायचे नाहीत. आणि पेरूसारखी मासळीची लयलूट इथे नाही कारण खालचं खत वर येत नाही.

पण वाळवंट आहे! म्हणजे खडूफळा सरांच्या पहिल्या दोन गोष्टी, उतरणारी हवा आणि जमिनीवरून येणारा वारा, तेवढ्यानेही किनारा कोरडा होतो. शीत प्रवाह असला की तो चिलीच्या अटाकामा वाळवंटासारखा टोकाला जातो. मला वाटतं मुलांना पेरू आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलिया शेजारी शेजारी ठेवून दाखवावं, कुठल्या गोष्टीमुळे किती फरक पडतो ते आपोआप कळतं.

कीस_पाडे

हे आवडलं. मान्य.

आळशी_मांजर

कीस_पाडे मान्य म्हणाले, स्क्रीनशॉट घेतलाय.

मिरकरवाडा

मासळीचा विषय निघाला म्हणून लिहितो. पेरूत जो अँचोव्हेटा मिळतो, आपल्या मांदेलीच्या भावकीतला, तो जगातला एका जातीच्या माशाचा सगळ्यात मोठा मासेमारी धंदा आहे. कारण तेच, खोल पाण्यातलं खत वर येतं, त्यावर शेवाळ, शेवाळावर मासा, माशावर पेंग्विन आणि पक्षी, आणि त्या पक्ष्यांच्या विष्ठेवर एकोणिसाव्या शतकात पेरू देश चालला होता, ग्वानो विकून.

आणि एल निनो आला की हे पाणी वर यायचं थांबतं, मासा गायब. ते नाव मुळात तिथल्या कोळ्यांनीच दिलंय, नाताळच्या सुमारास कोमट पाणी यायचं म्हणून बाळ येशू. आपल्याकडे टीव्हीवर फक्त पाऊस कमी पडणार एवढंच सांगतात. तेही दर वेळी खरं नसतं, १९९७ चा एल निनो केवढा मोठा पण आपल्याकडे पाऊस सरासरीइतका झाला, आणि २००२ ला त्यामानाने मध्यम असून दुष्काळ.

आता आपल्या किनाऱ्याचं ऐका. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्याला लागून पाणी दक्षिणेकडे वाहतं आणि हिवाळ्यात उत्तरेकडे. वर्षातून दोनदा दिशा बदलते, ऍटलासमध्ये एकच बाण काढलेला असतो तो कुठल्या महिन्याचा ते बघत जा. पावसाळ्यात केरळ-कर्नाटकाकडे खालचं गार पाणी वर सरकतं, तारलीचं आणि बांगड्याचं सगळं गणित त्यावर. गोव्यात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने (एनआयओ) यावर बरंच काम केलंय, त्या वर येणाऱ्या पाण्यात ऑक्सिजन कमी असतो हेसुद्धा. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै बंदी असते, होड्या वर ओढलेल्या, पण पाण्याखाली त्याच वेळी पुढच्या हंगामाची तयारी चालू असते. आणि आता हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी केंद्राकडून मोबाईलवर मासळी कुठे मिळेल त्याचा अंदाज येतो, तो उपग्रहाने बघितलेलं पाण्याचं तापमान आणि शेवाळाचा रंग यावरूनच काढतात. म्हणजे नकाशा वाचणं हे नुसतं नववीच्या पेपराचं काम नाही.

सलालाकर

मिरकरवाडा दादा, एक नंबर. मी ओमानमध्ये सलालाला असतो, १७ अंश उत्तर, म्हणजे आपल्या सांगली-कोल्हापूरच्या थोडं वर. धाग्यात बोट ओमानवरून पटकन पुढे गेलं म्हणून वाईट वाटलं :(

आमच्याकडे जून अखेर ते सप्टेंबर खरीफ असतो. अरबीत हे लोक त्या मोसमाला खरीफ म्हणतात. मस्कतला ४० च्या वर पारा आणि सलालाला पंचविशीच्या आसपास, धुकं, बारीक भुरभुर, डोंगर हिरवेगार, गाई चरतायत, सगळं आखात गाड्या काढून आमच्याकडे येतं. आपलाच नैऋत्य मोसमी वारा. तो इथे किनाऱ्याला समांतर वाहतो म्हणून पाणी किनाऱ्यापासून लांब ढकललं जातं आणि खालचं गार पाणी वर येतं, पेरूत होतं तस्संच, फक्त उत्तर गोलार्ध असल्याने उजवीकडे. ओला वारा त्या गार पाण्यावर थंड होतो, धुकं होतं, ते डोंगराला अडतं, आणि डोंगराच्या पलीकडे लगेच रबअल खालीचं वाळवंट.

तोच वारा मग पुढे अरबी समुद्रावरून आपल्याकडे येतो. आमच्याकडे भुरभुर आणि तुमच्याकडे लोकल बंद.

खडूफळा

सलालाकरांनी माझं काम सोपं केलं. कोकण वाळवंट का नाही याचं उत्तर त्यांच्या शेवटच्या वाक्यात आहे.

नकाशात हिंदी महासागर बघा. अटलांटिक आणि पॅसिफिक उत्तरेला लांबवर उघडे आहेत, हिंदी महासागराला मात्र २५ अंशांपाशी आशियाने झाकण घातलंय. त्यामुळे उन्हाळ्यात जमीन तापली की वाऱ्याची अख्खी घडीच विस्कटते. दक्षिण गोलार्धातले व्यापारी वारे विषुववृत्त ओलांडून इकडे येतात, ओलांडताना उजवीकडे वळतात आणि नैऋत्येकडून आपल्यावर आदळतात. म्हणजे ज्या पश्चिम किनाऱ्याला जमिनीवरून कोरडा वारा मिळायला हवा होता त्याला ऐन उन्हाळ्यात हजारो किलोमीटर समुद्रावरून आलेला वारा मिळतो, आणि समोर सह्याद्री उभा. हिवाळ्यात मात्र नियम परत लागू, ईशान्येकडून कोरडा वारा, आणि कोकणात नोव्हेंबर ते मे पाऊस जवळजवळ नाही. कोकण चार महिने नियम मोडतं आणि आठ महिने पाळतं. भाचीचा प्रश्न फार चांगला होता, तिला सांगा.

माणदेशी

सह्याद्रीचं नाव निघालं की आमच्या पोटात दुखतं. महाबळेश्वरला पाच-साडेपाच हजार मिमी आणि तिथून शंभरेक किलोमीटरवर आमच्या दहिवडीकडे पाचशेच्या आत. पर्जन्यछाया काय असते ते आम्हाला पुस्तकातनं वाचायची गरज नाही.

पण नकाशावर एक भारी गोष्ट सापडली ती सांगतो. अँडीज पर्वत उत्तर-दक्षिण एकच सरळ भिंत आहे. पण पेरूत पाऊस त्याच्या पूर्वेला, ऍमेझॉनचं जंगल, आणि पश्चिमेला वाळवंट. तीच भिंत धरून खाली ४०-४५ दक्षिणला जा, तिथे चिलीच्या बाजूला म्हणजे पश्चिमेला धो धो पाऊस आणि पूर्वेला अर्जेंटिनाचा पॅटॅगोनिया कोरडाठाक. भिंत तीच, सावली उलट बाजूला! कारण वर पूर्वेकडून वारा आणि खाली पश्चिमेकडून. वाऱ्यांचे पट्टे पाठ करण्यापेक्षा हे एक चित्र बघितलं तर जन्मात विसरायचं नाही. पोराला दाखवलं, तो म्हणाला आपला डोंगर उलटा फिरवता येईल का.

आळशी_मांजर

माणदेशीभाऊंच्या पोराला माझं एक मत.

उत्तरेचा_वारा

नॉर्वेहून नमस्कार. माझ्याकडून ६० उत्तर घ्या. आमचं बर्गन ६० अंशावर, जानेवारीची सरासरी शून्याच्या वर. त्याच रेषेवर ग्रीनलंडचं दक्षिण टोक आहे आणि तिकडे पलीकडे रशियाचं मगादान, जानेवारीत उणे पंधराच्या आसपास. पाऊस बर्गनला वर्षाला साधारण मुंबईएवढाच पडतो, फक्त मुंबईत चार महिन्यात उरकतो आणि इथे बारा महिने रटाळपणे चालू. अजून एक जोडी सांगतो, मुर्मान्स्क ६९ उत्तरला आहे आणि त्याचं बंदर हिवाळ्यात गोठत नाही, व्लादिवोस्तोक ४३ उत्तरला म्हणजे दक्षिण फ्रान्सच्या रेषेत आणि तिथे बर्फ फोडायला जहाज लागतं. गल्फ स्ट्रीमची कृपा.

कीस_पाडे

गल्फ स्ट्रीमची कृपा हे अर्धसत्य आहे. २००२ मध्ये हवामानशास्त्रज्ञ रिचर्ड सीगर आणि सहकाऱ्यांनी यावर बरंच खोलात जाऊन लिहिलं होतं. नुसत्या नकाशावरूनही शंका यायला हवी. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर व्हँकुव्हर बघा, ४९ उत्तर, हिवाळा सौम्य, आणि तिथे गल्फ स्ट्रीम नाही. त्याच रेषेवर आशियाच्या पूर्वेला साखालिन बेट, गोठलेलं. म्हणजे चाळीस अंशांच्या वर पश्चिम किनारे सौम्य आणि पूर्व किनारे कडक हा नियम दोन्ही महासागरांत दिसतो. कारण पश्चिमी वारे. पश्चिम किनाऱ्याला वारा समुद्रावरून येतो, समुद्राने उन्हाळ्यात साठवलेली ऊब घेऊन, आणि पूर्व किनाऱ्याला येतो गोठलेल्या खंडावरून.

उत्तरेचा_वारा

मग मुर्मान्स्कचं काय? ७० अंशावर समुद्र नुसता वाऱ्याने उघडा राहत नाही. अलास्कात तेवढ्या उत्तरेला बंदर दाखवा जे हिवाळ्यात उघडं असतं. मी इथे राहतो हो, किनाऱ्यावरचं पाणी हिवाळ्यातही बघतो.

खडूफळा

दोघांचंही थोडं थोडं. व्हँकुव्हर आणि बर्गन सौम्य असण्यात मोठा वाटा वाऱ्याचा आणि समुद्राच्या साठवणीचा, पण नॉर्वेच्या उत्तरेला बॅरेंट्स समुद्रापर्यंत बर्फ मागे ढकललेला राहतो त्याला तिकडे जाणारं कोमट पाणी लागतंच, पॅसिफिकमध्ये तसं पाणी एवढ्या उत्तरेला जात नाही. मुलांना परीक्षेत गल्फ स्ट्रीम लिहू दे, पण वाऱ्याचा बाणही काढायला लावा.

दर्यावर्दी_दादर

उशिरा आलो, जहाजावर होतो, नेट बोंबललेलं. मर्चंट नेव्हीत आहे, प्रवाह आमच्यासाठी डिझेलचा प्रश्न असतो.

दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याला अगुल्हास प्रवाह आहे, नैऋत्येकडे वाहणारा, कुठे कुठे चार-पाच नॉट, म्हणजे ताशी चार-पाच सागरी मैल. आखाताकडून केपला जाताना आम्ही त्याच्यात शिरतो, फुकटचा वेग मिळतो. परत येताना तोच टाळायचा. आणि खालून नैऋत्येचं वादळ आलं की वारा आणि प्रवाह समोरासमोर येतात, लाटा अचानक उभ्या आणि उंच होतात, तिथे भलीभली जहाजं मोडलीत.

हे ज्ञान जुनं आहे. बेंजामिन फ्रँकलिन अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींचा पोस्टाचा मोठा अधिकारी होता, तक्रार अशी होती की इंग्लंडहून टपालाची जहाजं व्यापारी जहाजांपेक्षा दोनेक आठवडे उशिरा पोचतात. त्याने आपल्या नात्यातल्या टिमोथी फॉल्जर नावाच्या, नँटकेट बेटावरच्या देवमासे मारणाऱ्या कप्तानाला विचारलं. तो म्हणाला, देवमासे त्या प्रवाहाच्या कडेला असतात म्हणून आम्हाला तो माहीत आहे, टपालवाल्यांना आम्ही सांगतो तुम्ही प्रवाहाविरुद्ध चाललाय, ते ऐकत नाहीत. त्यातून १७६९-७० च्या सुमाराला गल्फ स्ट्रीमचा नकाशा छापला गेला. पुढे अमेरिकन नौदलातल्या मॅथ्यू मॉरीने शेकड्यांनी जहाजांच्या जुन्या नोंदवह्या गोळा करून १८४७ पासून वाऱ्याचे आणि प्रवाहांचे नकाशे काढले.

आणि आपल्या समुद्रातलं उदाहरण पाहिजे तर वास्को द गामा. एप्रिल १४९८ ला आफ्रिकेतल्या मालिंदीहून निघाला, माहीतगार वाटाड्या बरोबर, मोसमी वारा पाठीशी, २३ दिवसांत कालिकतकडे. परत जाताना वाऱ्याची वाट न बघता निघाला, कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून ऑक्टोबरमध्ये सुटला आणि आफ्रिकेचा किनारा दिसायला जानेवारी उजाडला. स्कर्व्हीने माणसं पटापट मेली. आपले आणि अरब नाखवे ही चूक करत नसत, हिवाळ्यात ईशान्य वाऱ्यावर आफ्रिकेला जायचं आणि नैऋत्य वारा सुरू झाला की परत.

पणजेकार

दर्यावर्दीबाब, मग आमच्या तारिणीचं कसं विसरलात? आयएनएसव्ही तारिणी, दिवाडी बेटावरच्या बोटयार्डात बांधलेली शिडाची होडी. सप्टेंबर २०१७ ला नौदलाच्या सहा बायका अधिकारी गोव्याहून निघाल्या, मे २०१८ ला परत, पृथ्वीप्रदक्षिणा. २०२४-२५ मध्ये परत तीच होडी, यावेळी दोघीच. आणि त्याच्या आधी २००९-१० मध्ये कमांडर दिलीप दोंदे म्हादेई घेऊन एकटे फिरून आले, एकट्याने करणारे पहिले भारतीय.

मामासाहेब, भाचीला नकाशावर हा मार्ग काढायला सांगा. गोवा, फ्रीमँटल, न्यूझीलंडचं लिटलटन, फॉकलंडचं पोर्ट स्टॅन्ली, केपटाऊन, गोवा. आणि विचारा, सगळे पूर्वेकडेच का जातात, आणि सरळ जायचं सोडून एवढं खाली का उतरतात? चाळीस दक्षिणच्या खाली नजर टाका, चिली-अर्जेंटिनाचं टोक, टास्मानिया आणि न्यूझीलंड सोडलं तर आडवी जमीनच नाही. वारा आणि पाणी पश्चिमेकडून पूर्वेकडे गोल गोल फिरतं, अडवायला कोणी नाही. शिडाच्या होडीला तोच हायवे. आणि तिथलं अंटार्क्टिकाभोवतीचं पाणी वाहतं ते जगातल्या सगळ्या नद्या एकत्र केल्या तरी त्याच्या शंभर पटींहून जास्त.

पर्थची_पूर्वा

+१. आणि उलट बाजूने जाणारं सामान म्हणजे ते मलेशियाचं एमएच ३७० विमान. मार्च २०१४ ला नाहीसं झालं, शोध आमच्या पश्चिमेला चालला होता, आणि जुलै २०१५ मध्ये पंखाचा तुकडा सापडला पार रीयुनियन बेटावर, मादागास्करच्या जवळ. नकाशात दक्षिण हिंदी महासागराचं चक्र घड्याळाच्या उलट फिरतं हे बघा, म्हणजे आमच्या बाजूने (लीयुविनच्या बाहेर, किनाऱ्यापासून लांब) वर आणि मग विषुववृत्ताच्या खालून पश्चिमेला. कितीतरी लोकांनी तेव्हा पहिल्यांदा तो बाण नीट बघितला असेल.

कीस_पाडे

एवढं सगळं भिंतीवरच्या नकाशावर चाललंय म्हणून एक इशारा. तो मर्केटर असेल तर (१५६९ ची पद्धत, दर्यावर्दींसाठीच बनवलेली, दिशा सरळ रेषेत यावी म्हणून) वरचे प्रदेश फुगलेले दिसतात. त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढा वाटतो. प्रत्यक्षात ग्रीनलंड साधारण २१.६ लाख चौ. किमी, भारत जवळपास ३३ लाख, आफ्रिका ३०० लाखांच्या वर. म्हणजे ग्रीनलंड भारतापेक्षासुद्धा लहान! अक्षांशावर बोट फिरवायला मर्केटर चालतो, पण अंतर आणि आकार बघायला पृथ्वीगोल घ्या आणि दोरा ताणा. मुंबई आणि सॅन फ्रान्सिस्कोमध्ये दोरा ताणला की तो पार आर्क्टिकवरून जातो, २०२१ मध्ये एअर इंडियाचं सॅन फ्रान्सिस्को-बंगळूर विमान उत्तर ध्रुवावरूनच आलं होतं.

आळशी_मांजर

आता मलाही नकाशा घ्यावासा वाटतोय, माझी पन्नाशी झाली तरी. कुठला घेऊ? आणि हे प्रवाह हलताना कुठे बघायला मिळतात का?

दर्यावर्दी_दादर

मांजरताई, भिंतीसाठी प्राकृतिक नकाशा, ज्यात समुद्रातल्या प्रवाहांचे बाण आहेत असा, आणि एक साधा पृथ्वीगोल. हलताना बघायचं तर नलस्कूलची अर्थ नावाची साईट आहे, फुकट. खाली डाव्या कोपऱ्यात अर्थ लिहिलंय त्यावर टिचकी मारा, मोडमध्ये ओशन घ्या, ऍनिमेटमध्ये करंट्स, आणि ओव्हरलेमध्ये एसएसटी म्हणजे पाण्याचं तापमान. अगुल्हास लगेच दिसेल, केपच्या खाली जाऊन कसा मागे वळतो आणि भोवरे सोडतो ते बघत बसाल. मग तारीख मागे नेऊन सोमालियाचा किनारा जानेवारीत आणि जुलैमध्ये बघा, प्रवाह चक्क उलटा झालेला असतो.

मामासाहेब

सगळ्यांना दंडवत. प्रतिसाद प्रिंट काढून भाचीला दिले. तिने रात्री ती साईट उघडली आणि आता नवा प्रश्न, पाठवायला लावलाय: चक्रीवादळं आपल्याकडे येतात, अमेरिकेला जातात, जपानला जातात, ऑस्ट्रेलियाला जातात, मग ब्राझील आणि पेरूला का नाही?

दर्यावर्दी_दादर

पेरूचं उत्तर तिच्याकडेच आहे, पेंग्विनचं पाणी. वादळाला साधारण २६-२७ अंशांचं कोमट पाणी लागतं, तेही वरवरचं नाही, खोलवर. ब्राझीलकडे पाणी त्यामानाने बेताचं आणि वरच्या थरातला वारा खालच्यापेक्षा फार वेगळ्या वेगाने वाहतो, तो वादळाचं डोकं उडवून देतो. तरी मार्च २००४ मध्ये एक आलंच, कातारिना, दक्षिण ब्राझीलच्या किनाऱ्यावर, हवामानवाल्यांचा आधी विश्वास बसत नव्हता.

कीस_पाडे

आणि तिला हेही विचारा की विषुववृत्तावर एवढं कोमट पाणी असून वादळ का होत नाही. तिथे पृथ्वीच्या फिरण्याने वाऱ्याला जो बाक मिळतो तो शून्य, त्यामुळे हवा गोल फिरायला लागतच नाही. पाच अंशांच्या आत वादळ होणं दुर्मिळ. डिसेंबर २००१ मध्ये वामेई नावाचं एक सिंगापूरजवळ साधारण दीड अंशावर झालं होतं, तो अपवाद.

मामासाहेब

ती म्हणतेय, दीड अंशावर बाक कुठून मिळाला मग? मी झोपायला चाललोय, तुम्ही दोघं बघून घ्या.